आठवं पान

आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर सर्वपित्री अमावास्येला अंतराळवीरांचं पान वाढलं जातं. एक नाही, सात. केळीच्या पानावर वडे, खीर, आळूची भाजी, गवार, आमसुलाची चटणी, मधोमध भाताची मूद. वाढणारे आमचे शेजारी टिपणीसकाका, वय अठ्ठ्याहत्तर, कमरेला विरलेला कद आणि अंगात बंडी. जेवणारे म्हणजे, यानातून वर गेलेले आणि घरी पोचायला मोजकी मिनिटं उरली असताना आकाशातच विखुरलेले ते सात जण.

"या कमांडर, या! वडे गार होतायत," काका माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारतात. डोंगराकडे का, तर दहिवलीतून आकाश त्यातल्या त्यात तिकडेच जवळ आहे.

माझी बायको वैशाली हिनं एकदा न राहवून विचारलं, "काका, अमेरिकेच्या माणसाला आमसुलाची चटणी चालते का हो?"

"खाली असताना नसेल चालत," काका म्हणाले. "वर गेल्यावर सगळ्यांना सगळं चालतं."

त्या सातांत आपल्याकडे जन्मलेली एक होती. तिच्या पानावर एक वडा जास्त. "माहेरवाशीण आहे ती," एवढंच कारण. आणि फार पूर्वी एका कुत्रीला वर पाठवलं होतं, तिच्या परतीची सोयच केलेली नव्हती, म्हणून इमारतीखालच्या भटक्या कुत्र्यांनाही त्या दिवशी खीर. कुत्री वर्षभर काकांच्या मागे फिरतात, ती उगीच नाही.

काका त्या सातांना नावानं हाक मारत नाहीत. "नाव घरच्यांसाठी. वरच्या हिशेबात अंक चालतो." प्रत्येकाची जन्मतारीख त्यांनी कुठून कुठून मिळवून वहीत लिहून ठेवली आहे आणि तिची बेरीज करत करत एका आकड्यावर आणली आहे. या कृतीला ते 'आटवणं' म्हणतात. दूध आटवतात तसं. दोन आकडी संख्या त्यांना कच्ची वाटते. "आटव, आटव!" हे त्यांचं पालुपद. एकदा घरी सिलिंडर आला, तर तो वर चढवायच्या आधी त्यांनी त्यावरचा नंबर आटवला आणि पोऱ्याला म्हणाले, "नऊ आलाय. मंगळ. लेका, जपून उचल, भडकेल."

एका वर्षी कावळा तीन नंबरच्या पानाला काही केल्या शिवेना. बाकीची सहा उष्टी झाली. काका कठड्याजवळ हात जोडून उभे. "तीन म्हणजे गुरू. ज्ञानी माणूस. काहीतरी मनात राहिलंय." मग एकेक वचन द्यायला लागले. "तुमचं अर्धवट संशोधन कुणीतरी पुरं करेल!" कावळ्यानं मान वाकडी केली. "तुमच्या मुलाबाळांना काही कमी पडणार नाही!" कावळ्यानं चोच कठड्याला पुसली. शेवटी काका जरा विचार करून म्हणाले, "पुढच्या वेळी तपासणी नीट होईल. शब्द देतो." आणि कावळ्यानं झडप घालून वडा उचलला.

"बघा! तपासणीवर अडलं होतं," काका विजयानं म्हणाले. गच्चीवर सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही. का हसलो नाही, ते पुढे सांगतो. अकरा वर्षं सांगितलं नाही, तर आणखी दोन पानं थांबायला हरकत नाही.

काकांचं कर्जतच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान. चाळीस वर्षांत अर्ध्या तालुक्याच्या नाकावर काकांनी काचा बसवल्या असतील. डोळे तपासण्यात माणूस एक नंबर. कुणाला फसवणं नाही, घाई नाही. फक्त नंबर काढून झाला की तो आटवायचे. "पावणेतीन. दोन, सात, पाच. चौदा. एक आणि चार पाच. वा! बुध! व्यापार कर." गिऱ्हाईक म्हणायचं, काका, मी शिक्षक आहे. "मग क्लास काढ," काका म्हणायचे.

चार या आकड्याशी मात्र त्यांचं उभं वैर. चार म्हणजे राहू. स्टँडवर आलेल्या एसटीचा नंबर आटवून चार आला की काका मागे सरकणार. एकदा खोपोलीच्या लग्नाला निघाले तर लागोपाठ तीन गाड्या राहूच्या निघाल्या. पोचले तेव्हा नवरीकडची मंडळी सतरंज्या गुंडाळत होती. "वाट पाहिली, पण चारात पाय टाकला नाही," हे त्यांनी यजमानांना इतक्या अभिमानानं सांगितलं, की त्या भल्या माणसांनी चूल पुन्हा पेटवली.

त्या सात जणांबद्दल त्यांचा सिद्धांत ठाम होता. ते मेले नाहीत, त्यांची बदली झाली. "सप्तर्षींनी किती वर्षं ड्युटी करायची? त्यांनाही रजा हवी ना! सात जागा, सात माणसं. आणि सात हा केतूचा अंक, मोक्षाचा. हे आधीच ठरलेलं असतं, सुधीर. आपण फक्त खालून बघायचं." मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी, दिवेलागण झाली की ते आम्हाला गच्चीवर नेऊन सप्तर्षी दाखवायचे आणि वसिष्ठाशेजारची ती बारीक अरुंधती दिसते का विचारायचे. दिसली नाही की दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावणं. आम्हाला ते धंद्याचं तंत्र वाटायचं.

तर सात पानांचं हे असं. पण काका पानं आठ मांडायचे.

आठवं पान कठड्यावर नसायचं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जमिनीवर, पुढे एक पाट. बाकीचे खाली जेवायला गेल्यावरच काका ते मांडत आणि कुणासाठी, हे सांगत नसत. वैशालीचं मत, ते अरुंधतीचं. तळमजल्यावरच्या बायकांचं मत, सुमनकाकूंचं, काकांच्या गेलेल्या बायकोचं. पण सुमनकाकू सवाष्ण गेल्या होत्या. त्यांचं पान अविधवा नवमीला वेगळं व्हायचं, तेव्हा काका एका सवाष्णीला जेवायला बोलवत आणि दिवसभर कुणाशी बोलत नसत. म्हणजे हे काकूंचं नाही. मग कुणाचं?

मी कधी थांबून पाहिलं नाही. दर वर्षी काकांबरोबर भांडी गच्चीवर चढवायचो, सात पानांना कावळा शिवेपर्यंत थांबायचो, आणि आठवं पान मांडायला लागले की पंप बघायचाय, फोन आलाय, असं काहीतरी सांगून खाली सटकायचो. का, ते मलाही धड ठाऊक नव्हतं.

आता माझं सांगतो. मी मुळात कमी बोलणारा. खालापूरकडच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. माल उचलायच्या क्रेनचा तारदोर रोज सकाळी बघायचा आणि तक्त्यात 'ठीक' लिहून सही करायची, हे माझं काम. एके दिवशी दोराच्या दोन-तीन तारा सुटून वर आलेल्या दिसल्या. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, या आठवड्यात माल जायचाय, सोमवारी बदलू. मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. तक्त्यात 'ठीक' लिहिलं. त्यानंतर दोन दिवसांनी दोर तुटला आणि खाली काळूराम होता. चौक गावाच्या पुढे डोंगराखालच्या वाडीतला, रोजंदारीवर येणारा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान.

चौकशीत कुणीतरी म्हणालं, तो प्यायलेला होता, नको तिथे उभा राहिला. मला विचारलं, दोर कसा होता? मी म्हणालो, ठीक होता. एवढंच. ते वाक्य लिहून घेतलं गेलं, आणि काळूराम दारूपायी गेला असं ठरलं. वर्ष व्हायच्या आत मी नोकरी सोडली, दहिवलीत घर घेतलं, पंपदुरुस्ती सुरू केली. वैशालीलासुद्धा यातलं काही सांगितलं नाही.

पण डोळ्यांचं काहीतरी झालं. अंधुक दिसायचं. दर सहा महिन्यांनी मी काकांच्या दुकानात. काका खुर्चीत बसवून काचा बदलत राहायचे. "अरे, दिसतंय की तुला. शेवटची ओळसुद्धा वाचलीस." तरी मी अडून बसायचो. शेवटी जवळचं वाचायला सव्वा नंबर लागला तेव्हा त्यांनी तो आटवला. "एक, दोन, पाच. आठ. शनी." मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. "शनी वाईट नसतो रे. तो नुसता बसून राहतो. उठवावं लागतं."

गेल्या वर्षीची सर्वपित्री. काकांचे गुडघे पार गेले होते. गच्चीचे जिने त्यांना मी जवळजवळ उचलूनच चढवले. सातही पानं कावळ्यांनी भराभर उष्टी केली. मी म्हणालो, "काका, मी येतो. एक पंप..."

"मला खाली कोण उतरवणार? तुझा पंप?"

थांबावं लागलं. त्यांनी टाकीच्या सावलीत पाट ठेवला, पान मांडलं, सावकाश सगळं वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला म्हणाले, "बस."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे? बस पानावर."

"काका, हे पान कुणाचं?"

ते टाकीला टेकून बसले. "सात जण वर होते. पण खाली जमिनीवर एक माणूस असणार, ज्यानं आधी काहीतरी पाहिलं होतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही. खरंच होता का, तेही ठाऊक नाही. पण असतोच रे एक. बोलला असेल एकदा. मग गप्प बसला असेल. मेलेल्यांना कावळा शिवतो, सुधीर. ह्याला कोण शिवणार? हा जिवंत आहे."

मी पाटावर बसलो म्हणण्यापेक्षा पाटावर पडलो.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. अकरा वर्षं तू माझ्याकडे येतोस, तुझ्या डोळ्यात दोष नाही. सात पानांपर्यंत थांबतोस आणि आठव्याला पळतोस. मी आकड्यांतला माणूस आहे, पण एवढ्याला आकडे लागत नाहीत. आणि पळणारा माणूस मला ओळखू येतो. आजवर ह्या पानावर मीच बसत होतो."

मग ते बोलले. सुमनकाकूंच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनला शनिवार दिला. काकांनी तारीख आटवली तर चार आला. त्यांनी डॉक्टरांच्या हातापाया पडून सोमवार घेतला. त्या शनिवारी काकू कळवळत म्हणाल्या, अहो, आजच जाऊ या का? "मी म्हटलं, आजचा चार येतोय गं. सोमवारचा सहा आहे. शुक्र. तुला लाभेल." काकांनी तांब्या जरा सरकवला. "रविवारी गेली. तिचं तेरावं होऊन दोन-चार दिवस झाले असतील, शेजाऱ्यांनी टीव्ही लावला. आकाशात पांढरी रेघ, तिचे तुकडे होताना. सांगत होते, त्यांचीही तारीख आधी पुढे पुढे ढकलली गेली होती. मला वाटलं, ही आपल्याच घरातली माणसं."

गच्चीवर कावळे भांडत होते. मी कधी नव्हे तो धीर करून विचारलं, "मग काका, आकडे सोडले का नाहीत?"

"सोडले तर ती कशासाठी थांबली रे?" ते म्हणाले. "आकडे खरे असतील, तर मी निदान काहीतरी बघून तिला थांबवलं. खोटे असतील तर..." मग ते वड्याकडे बोट करून म्हणाले, "खा. गार होतोय."

मी खाल्लं. आणि खाता खाताच सांगितलं. दोर, सुटलेल्या तारा, तक्ता, 'ठीक', चौकशी. तोंडात घास आणि डोळ्यांतून पाणी, असं कसंबसं. काकांनी मध्ये एकदाच विचारलं, "घरी कोण आहे त्याच्या?"

"बायको. हिराबाई."

"तिला ठाऊक आहे?"

"नाही."

"जायला हवं."

"हो. जाईन. तुम्ही चांगला दिवस काढून द्या."

"आज."

मला वाटलं, ते विसरले. "काका, आजची तारीख मी सकाळीच आटवली. चार येतो."

ते टाकीला धरून उठले. उठताना गुडघे कटकन वाजले. "येऊ दे," म्हणाले. "मला धर. मीही येतो."

रिक्षा ठरवली. काकांनी तिच्या नंबराकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिला, आटवला, आणि गप्प बसलो.

वाडीत हिराबाई ओट्यावर गोधडी शिवत होती. सुईत दोरा ओवत होती आणि दोरा दर वेळी सुईच्या बाजूनं जात होता. तिनं वर पाहिलं. "कोन हाय?"

"मी सुधीर. कारखान्यात सुपरवायझर होतो."

"आवाज वळखला." मग गोधडी सरकवून, "बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. दोर खराब होता, मी पाहिला होता, मी खोटं लिहिलं, चौकशीत खोटं सांगितलं. काळूराम प्यायलेला नव्हता.

"तो पीतच नवता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मी समद्यांना सांगत होते. कोन ऐकतंय? माजा सासरा मरंपर्यंत म्हनत होता, आपला पोर दारूपायी गेला. त्याला सांगाया पायजे होतं तुमी. त्यो गेला आता."

मी पुन्हा दोरापासून सांगायला लागलो.

"आता आलाव तर हितं ओट्यावर नको सांगू," ती म्हणाली, आणि 'तुमी' तिथेच संपलं. "तिकडं समाजमंदिराशी मानसं बसलीत. मोठ्यानं सांग."

मी समाजमंदिराच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं सांगितलं. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो. एक म्हातारी माझ्या पायाशी थुंकली. दोघं उठून गेले. बाकीचे ऐकत राहिले, आणि शेवटी एक जण कुणालातरी म्हणाला, "काळ्या पीत नवता रं. मी सांगत नवतो?" पुढच्या आठवड्यात मी तेच सगळं सरकारी कचेरीत लेखी दिलं. त्याचं काय होईल ते होईल. वैशालीला वाडीतून परतलो त्याच दिवशी सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला आधी सांगायचंस ना रे." हिराबाईनं माफ केलं असं मी म्हणणार नाही. निघताना तिनं आम्हा दोघांना पाणी दिलं, एवढंच खरं.

त्या दिवसापासून मला स्वच्छ दिसतं, असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. तसं काही नाही. उलट नंबर वाढून दीड झाला. काकांनी लगेच आटवला, "सहा. शुक्र! गेला बघ शनी." वर दुसऱ्याच दिवशी चाराच्या एसटीतून उतरून पुढच्या गाडीसाठी उन्हात पाऊण तास उभे राहिले. माणूस काही बदलला नाही. मी त्यांचे आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आभार त्या सातांचे मान. त्यांच्यामुळे पान मांडलं जातं." म्हणून मानतो. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन, डोंगराकडे तोंड करून. शेजारी आता आम्हा दोघांना हसतात.

यंदाच्या सर्वपित्रीला आठवं पान मांडलं तेव्हा पाट एकच होता. काका म्हणाले, तू बस. मी म्हणालो, तुम्ही बसा. शेवटी दोघं पानाच्या दोन बाजूंना फरशीवरच बसलो. मी वडा मोडला आणि मोठा तुकडा त्यांच्याकडे सरकवला. "शनिवारी काकूंना घेऊन तुम्ही निघाला असतात तर वाटेत काय झालं असतं, कुणाला ठाऊक," मी म्हणालो. त्यांनी तो तुकडा खाल्ला.

एक सांगायचं राहिलं. वाडीत मी समाजमंदिराशी गेलो, तेव्हा काका मागे ओट्यावरच बसले होते. खिशात दोन-चार काचा असतातच त्यांच्या. एकेक काच हिराबाईच्या डोळ्यांपुढे धरत होते. आठ दिवसांनी चष्मा तयार झाला, तेव्हा म्हणाले, मला घेऊन चल. ओट्यावर बसून स्वतःच्या हातानं तो तिच्या कानांवर बसवला, सुई हातात दिली. दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.

"बाबा, नंबर किती हाय माजा?" तिनं विचारलं.

मी वाट बघत होतो. आता आटवणार. शुक्र, बुध, काहीतरी निघणार.

काकांनी चष्म्याची रिकामी डबी मिटली. "नंबराचं काय करायचंय गं?" ते म्हणाले. "दिसतंय ना?"